फर्मवेअर अपडेटनंतर लॅपटॉप मंदावतो तेव्हा

मे महिन्यात जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार ठरलेली असते. "दादा, परवा काहीतरी अपडेट आलं. काळ्या पडद्यावर कंपनीचा लोगो, खाली पट्टी, दोनतीनदा आपोआप बंद-चालू झाला आणि तेव्हापासून नुसता हँग होतोय." दुकानदाराचं उत्तरही तयार असतं, "ठेवून जा ताई, फॉरमॅट मारून देतो. संध्याकाळी घेऊन जा." धुळ्यात आग्रा रोडच्या आसपासच्या दुकानांतही बोलणं याहून फार वेगळं होत नाही.

यात अडचण अशी आहे, की विंडोज सुरू होण्याआधी लोगो आणि पट्टी दाखवून होणारं अपडेट बहुतेकदा फर्मवेअरचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या प्रोग्रॅमचं असतं आणि फॉरमॅट मारल्याने फर्मवेअरच्या केसालाही धक्का लागत नाही. विंडोज नवी कोरी बसते. घरातले फोटो, दुकानाचा हिशेब, अर्धा झालेला प्रोजेक्ट यांतलं काहीतरी हमखास जातं आणि मंदपणा मात्र जिथल्या तिथे राहू शकतो. उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यावर ही वेळ आली, किंवा जुलैअखेर खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपत असताना खेड्यातल्या सेवा केंद्रचालकावर आली, तर नुकसान फक्त त्या मशीनपुरतं राहत नाही. केंद्राबाहेर रांगेत उभे असलेले शेतकरीही त्यात सापडतात.

दोष नेमका कोणत्या थरात आहे हे घरबसल्या ओळखता येतं. त्याला पैसा लागत नाही, इंजिनिअरिंगची पदवीही लागत नाही. तपासण्या एका क्रमाने कराव्या लागतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम ठेवावा लागतो. या प्रकरणात तोच क्रम सांगायचा आहे.

विंडोजच्या खालचा थर

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी चिप असते. तिची क्षमता साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या चारपाच फोटोंइतकी. आपण ज्याला बायोस म्हणतो तो याच चिपमध्ये राहतो. आजच्या मशीनमधल्या त्याच्या नव्या अवताराचं नाव यूईएफआय. विंडोज, फाइल्स, फोटो हे सगळं हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतं. फॉरमॅट होते ती डिस्क, ही चिप तशीच राहते.

फर्मवेअरच्या अपडेटमध्ये बऱ्याचदा तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, खुद्द बायोस. दुसरी, एम्बेडेड कंट्रोलर या छोट्या स्वतंत्र चिपचा प्रोग्रॅम. कीबोर्ड, बॅटरी, चार्जर आणि पंखा यांच्यावर तिची नजर असते आणि लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते. तिसरी गोष्ट मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरने आतल्या आत कसं वागावं याच्या सुधारित सूचना.

लॅपटॉप सुरू करून दिला की बायोसचं काम संपलं, असा एक समज आहे. प्रत्यक्षात प्रोसेसरने किती वॅट वीज घ्यावी, किती अंशांवर वेग कमी करावा, पंखा केव्हा जोरात फिरावा, लावलेला चार्जर ओळखीचा आहे की नाही, हे सगळं याच थरात ठरतं आणि दिवसभर पाळलं जातं. पांझरेच्या काठी शेकडो वर्षं चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी कुठल्या फडाला केव्हा आणि किती द्यायचं हे पाटकरी बघतो. शेतकऱ्याने आपल्या मर्जीने पाट फोडायचा नसतो. लॅपटॉपमधलं विजेचं वाटप फर्मवेअर तसंच सांभाळतं. विंडोजने जास्त वेग मागायचा आणि द्यायचा की नाही ते फर्मवेअरने ठरवायचं. म्हणून खालून पुरवठा आवळला गेला असेल तर वर विंडोज कितीदाही नवी बसवा, वेग तेवढाच मिळणार.

अपडेटने वेग खरंच घटतो का

घटतो. त्याचे जाहीर दाखले आहेत आणि ते माहीत असले की आपल्या मशीनचा अंदाज बांधणं सोपं जातं.

३ जानेवारी २०१८ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगजाहीर झाल्या. वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर पुढची कामं अंदाजाने आधीच करून ठेवतो. त्याच वाटेने पासवर्डसारखी गुप्त माहिती बाहेर काढता येते, असं संशोधकांनी दाखवून दिलं. उपाय म्हणून विंडोजचे अपडेट आले आणि बायोसमधून नवे मायक्रोकोडही आले. हा अंदाजाचा खेळ आवरता घ्यायचा म्हणजे वेगाचा थोडा घास जाणारच होता. ९ जानेवारीला मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं, की विंडोज १० आणि २०१६च्या सुमाराचे किंवा त्यापुढचे प्रोसेसर असतील तर घट एक अंकी टक्क्यांची असेल आणि बहुतेकांना ती जाणवणार नाही. २०१५च्या सुमाराच्या किंवा त्याआधीच्या मशीनवर मात्र ती जास्त जाणवेल. मग २२ जानेवारीला इंटेलनेच उत्पादकांना ते मायक्रोकोड वाटणं थांबवायला सांगितलं, कारण त्यामुळे मशीन अचानक रीस्टार्ट होऊ लागली होती. सुरक्षेची किंमत आणि घाईत राहून गेलेली चूक अशा दोन्ही गोष्टी त्या एका महिन्यात दिसल्या.

डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट ही त्रुटी जाहीर झाली. प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून खालीवर करून त्याच्याकडून चुका करवून घेता येतात आणि त्यातून गुपितं फुटतात, असा तो प्रकार होता. उत्पादकांनी बायोस अपडेट देऊन व्होल्टेजची ही कळ कुलूपबंद केली. पण लॅपटॉप थंड राहावा म्हणून जाणकार मंडळी याच कळीने व्होल्टेज जरासं कमी करून ठेवत. त्यांची ही सोय गेली. मशीन पुन्हा तापू लागली आणि तापली म्हणून मंदावली. उष्ण प्रदेशात अशा बदलाची झळ साहजिकच जास्त बसते.

एएमडीच्या काही रायझन संगणकांवर मध्येच क्षणभर सगळं गोठायचं, आवाज अडखळायचा. मार्च २०२२मध्ये कंपनीने कारण सांगितलं. फर्मवेअरमधला सुरक्षेचा भाग, ज्याला एफटीपीएम म्हणतात, अधूनमधून त्या आठ पायांच्या चिपशी रेंगाळत देवाणघेवाण करत होता. उपाय होता मे २०२२पासून येऊ लागलेले नवे बायोस. इथे मंदपणावरचा इलाज फर्मवेअर अपडेट हाच होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ऑगस्ट २०२३मध्ये डाउनफॉल ही त्रुटी पुढे आली. इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीतल्या प्रोसेसरना ती लागू होती. काही विशिष्ट प्रकारच्या आकडेमोडीत घट ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असं इंटेलनेच म्हटलं. पण ती आकडेमोड शास्त्रीय गणितं किंवा चित्रप्रक्रिया अशा कामांतली. पत्र टाइप करणं, ऑनलाइन अर्ज भरणं, व्हिडिओ पाहणं यांना तिचा फारसा संबंध येत नाही.

या दाखल्यांवरून तीन प्रकार वेगळे करता येतात. सुरक्षेपायी गेलेला वेग परत मिळत नाही, पण रोजच्या कामात तो थोडाच असतो. बदललेल्या मर्यादा किंवा सेटिंग शोधून पुष्कळदा सुधारता येतात. फर्मवेअरमध्ये खरोखर चूक असेल तर ती पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होते. त्यामुळे नेहमीच्या घरगुती कामात लॅपटॉप निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला असेल, तर त्याचं खापर सुरक्षा-दुरुस्तीवर फोडण्याआधी इतर कारणं तपासायला हवीत.

पंचेचाळीस अंशांचा हिशेब

खान्देशात या तपासात आणखी एक पात्र असतं, ते म्हणजे ऊन. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवण्यासाठीचं कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. कूलर बंद असेल तर पत्र्याच्या खोलीत दुपारी आतही फारसा वेगळा प्रकार नसतो. म्हणजे लॅपटॉप सुरू करण्याआधीच आपण कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर असतो.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. पंखा जितकी उष्णता बाहेर टाकू शकतो ती साधारणपणे आतलं तापमान आणि खोलीचं तापमान यांच्यातल्या फरकावर अवलंबून असते. समजा फर्मवेअरने प्रोसेसरला ९५ अंशांपर्यंत जायची मुभा दिली आहे. २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७० अंशांचा, ४५ अंशांच्या खोलीत ५० अंशांचा. म्हणजे तोच पंखा, तीच मशीन, पण बाहेर टाकता येणारी उष्णता तीन दशांशाच्या आसपास घटली. आधी २० वॅट सलग पेलत असतील तर आता १४च्या थोडं वर.

आता समजा नव्या फर्मवेअरने ही मुभा ९५वरून ८५वर आणली. बोटांना चटका बसू नये, बॅटरी टिकावी म्हणून उत्पादक असे बदल करू शकतात. २५ अंशांच्या खोलीत फरक ७०वरून ६०वर आला, म्हणजे सुमारे १४ टक्के घट. ४५ अंशांच्या खोलीत तो ५०वरून ४०वर आला, म्हणजे २० टक्के. शिवाय ही घट उन्हाने आधीच छाटलेल्या क्षमतेतून झाली. थंड खोलीत पेलणाऱ्या २० वॅटपैकी आता ११-१२ उरले. पुण्यात एसीमध्ये बसलेल्याला जे अपडेट कळणारही नाही, ते जळगावात दुपारी तीन वाजता चांगलंच कळतं. एकाच अपडेटबद्दल दोन गावांत दोन मतं ऐकू येतात तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात.

उन्हाच्या जोडीला धूळ असते, आणि जिनिंगच्या जवळ राहणाऱ्यांकडे कापसाचे बारीक तंतूही. पंख्याच्या तोंडाशी तांब्या-ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्यांची जाळी असते. तिच्यावर आतल्या बाजूने हा कचरा बसत जातो आणि त्याची घट्ट पट्टी तयार होते. बाहेरून पाहिलं तर भोकं स्वच्छ दिसतात, पण हाताला वारा लागत नाही. अपडेट एप्रिलमध्ये आलं, ऊन एप्रिलमध्ये वाढलं, पट्टी दोन वर्षांपासून साचत होती आणि दोष मात्र अपडेटच्या नावावर जमा झाला, असं सहज घडतं.

हे वेगळं करायची एक सोपी चाचणी आहे. तेच काम, त्याच चार्जरवर, त्याच टेबलावर एकदा पहाटे सहाला करा आणि एकदा दुपारी तीनला. पहाटे लॅपटॉप ठीक चालला आणि दुपारी मंदावला तर मुख्य आरोपी उष्णता. दोन्ही वेळी सारखाच रेंगाळला तर उष्णतेला बाजूला ठेवून पुढचा तपास करा. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात थंडीत पाऱ्याची नोंद एक अंकी होते. तशा हवेतही मशीन मंदच असेल तर उन्हाचा प्रश्नच उरत नाही.

तपासाचा क्रम

पहिलं काम, नक्की काय बदललं ते पाहणं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट आणि त्यात अपडेट हिस्टरी उघडा. ड्रायव्हरच्या यादीत फर्मवेअर हा शब्द आणि तारीख दिसते का पाहा. मग स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा. तिथे बायोस व्हर्जन आणि तारखेची ओळ असते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ही तारीख कंपनीने ते फर्मवेअर तयार केल्याची असते, ते आपल्या मशीनवर चढल्याची नसते. त्यामुळे ती दोन महिने जुनी दिसली म्हणून गोंधळायचं कारण नाही.

दुसरं, एक दिवस जाऊ द्या. फर्मवेअरच्या बरोबरीने विंडोजचेही अपडेट येतात आणि त्यानंतर फाइल्सची सूची करणं, व्हायरस तपासणं अशी कामं मागे चालू राहतात. लॅपटॉप चार्जरवर लावून काही तास चालू ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. एखादाच प्रोग्रॅम सीपीयू किंवा डिस्क खाऊन बसला असेल तर फर्मवेअर निर्दोष आहे.

तिसरी तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात सीपीयू निवडा. खाली दोन आकडे शेजारी पाहायचे. एक बेस स्पीड, म्हणजे कंपनीने कबूल केलेला पायाभूत वेग, आणि दुसरा स्पीड, म्हणजे या क्षणीचा वेग. इंटेलच्या आठव्या पिढीतल्या आय५-८२५०यू प्रोसेसरचा बेस स्पीड १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि थोड्या वेळासाठी तो ३.४पर्यंत जाऊ शकतो. आता मुद्दाम काम द्या. चारपाच टॅब उघडा, एक व्हिडिओ लावा आणि आकड्यावर नजर ठेवा. निरोगी मशीनमध्ये तो बेसच्या वर उसळतो आणि मग स्थिरावतो. तापलेल्या मशीनमध्ये तो सुरुवातीला उसळतो आणि काही मिनिटांत खाली घसरतो. पण काम भरपूर असताना आकडा ०.३९ किंवा ०.७९ गिगाहर्ट्झला खिळून बसला, थंड असतानाही हलेना, तर खालून कोणीतरी प्रोसेसरला सक्तीने अडवलेलं आहे. लॅपटॉप सुरू आहे, माउस हलतो, पण प्रत्येक क्लिकनंतर वाट पाहावी लागते, असा अनुभव तेव्हा येतो.

चौथी तपासणी लेखी पुराव्याची. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा. कर्नल-प्रोसेसर-पॉवर या नावाखाली ३७ क्रमांकाची नोंद दिसते का पाहा. तिचा अर्थ साधा आहे. प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने मर्यादित केला आहे आणि मागच्या नोंदीपासून तो इतके सेकंद तसाच आहे. अपडेटच्या आधीच्या तारखांना ही नोंद नसेल आणि नंतर रोज येत असेल, तर संशयाला भक्कम आधार मिळाला. ती आधीही येत होती असं दिसलं, तर रोग जुना आहे आणि अपडेट निमित्तमात्र.

चार्जर, तार आणि तीस सेकंद

वेग तळाला खिळला असेल तर फर्मवेअरला बोल लावण्याआधी चार्जर तपासा. लॅपटॉपचे बरेच चार्जर स्वतःची ओळख सांगतात. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधल्या बारीक सुईतून ही माहिती जाते. ती सुई वाकली, वायर आतून तुटली किंवा लोकल चार्जरमध्ये ओळख सांगणारी चिपच नसली, तर चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला कळत नाही. मग तो सावध होतो, प्रोसेसर हळू चालवतो आणि बॅटरी चार्ज करणंही थांबवतो. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा किंवा मोबाइलचा टाइप-सी चार्जर लावला तरी असंच होऊ शकतं.

चाचणी दोन मिनिटांची आहे. बॅटरी निम्म्याच्या वर असताना टास्क मॅनेजरमधला वेग पाहत चार्जर काढा. आकडा एकदम वर गेला तर दोष चार्जरच्या बाजूला आहे. कोणाकडून तरी त्याच मॉडेलचा मूळ चार्जर तासभर मागून आणा आणि खात्री करून घ्या. उलट, फक्त बॅटरीवरच मंद होत असेल तर विंडोजमधला पॉवर मोड पाहा.

प्रोसेसरला एक खास धोक्याची तार असते, तिला प्रोचॉट म्हणतात. प्रोसेसर तापला की तो या तारेवरून इशारा देतो. बोर्डवरचा दुसरा एखादा भागही त्याच तारेवरून प्रोसेसरला हळू व्हायला सांगू शकतो. बिघडलेला तापमान-सेन्सर किंवा न ओळखलेला चार्जर हा इशारा सतत देत राहिला, की वेग तळाला जातो. थ्रॉटलस्टॉपसारख्या सॉफ्टवेअरमधून हा बाहेरचा इशारा बंद करता येतो आणि लॅपटॉप क्षणात पळू लागतो. निदान पक्कं करायला एवढं पुरे, पण मशीन कायम तशीच चालवू नका. सेन्सर खरं सांगत असेल तर पुढचा बळी बोर्डाचा असतो.

अपडेटनंतर एम्बेडेड कंट्रोलर अर्धवट जुन्या स्थितीत अडकण्याची शक्यताही असते. तो रीसेट करायचा सोपा मार्ग असा. शिफ्ट दाबून धरत शटडाउन करा. साध्या शटडाउनमध्ये विंडोज स्वतःची अर्धी स्थिती जपून ठेवते, शिफ्टमुळे ती पूर्ण बंद होते. चार्जर आणि सगळे पेनड्राइव्ह काढा, बॅटरी काढता येत असेल तर तीही काढा. पॉवर बटण सुमारे तीस सेकंद दाबून धरा. थोडं थांबून चार्जर लावा आणि सुरू करा. काही थिंकपॅडच्या पोटाशी यासाठी टाचणी जाईल एवढं भोक असतं.

यानंतर बायोसची सेटिंग. अपडेटनंतर काही मशीनवर ती कंपनीच्या मूळ स्थितीला जातात. सुरू होताना एफ२, एफ१०, एफ१ किंवा डिलीट यांपैकी आपल्या मॉडेलची कळ दाबून आत जा आणि काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पंख्याचा किंवा थर्मलचा मोड शांत अवस्थेत गेला आहे का, रॅम पूर्ण दिसते आहे का, प्रोसेसरला बेसच्या वर नेणारा टर्बो बंद झाला आहे का, एवढं पाहा. डिस्क कंट्रोलरच्या मोडला मात्र हात लावू नका. तो बदलला तर विंडोज सुरूच होणार नाही आणि नवीनच संकट ओढवेल.

मागे जायचं की पुढे

सगळं तपासून बोट फर्मवेअरकडेच राहिलं, तर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचं पान उघडून याहून नवं फर्मवेअर आलं आहे का पाहा. तुमच्यासारखाच त्रास इतरांना झाला असेल तर दुरुस्ती बहुधा तिथे पोचलेली असते. ती नसेल तरच जुन्या आवृत्तीवर परतण्याचा विचार करा. सगळी मशीन ही मुभा देत नाहीत. नव्या आवृत्तीने सुरक्षेचं मोठं भगदाड बुजवलं असेल तर मागचा रस्ता मुद्दाम बंद केलेला असतो.

पुढे जा किंवा मागे, फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज जाऊन चालत नाही. बॅटरी निम्म्याहून जास्त आणि चार्जर लावलेला, दोन्ही हवंच. वळवाच्या पावसाची चिन्हं असलेली संध्याकाळ किंवा लोडशेडिंगची वेळ टाळा. डिस्क कुलूपबंद करणारा विंडोजचा बिटलॉकर सुरू असेल तर तो आधी तात्पुरता थांबवा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा. फर्मवेअर बदललं की विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइल्सना माणूस मुकतो. अपडेट चालू असताना पडदा काही मिनिटं काळा राहिला तरी पॉवर बटणाला हात लावायचा नाही.

दुकानात काय विचारायचं

घरचे उपाय संपले की दुकान गाठावंच लागतं. तिथे "स्लो झालाय" एवढंच सांगू नका. बायोसच्या ओळीचा फोटो, टास्क मॅनेजरचे आकडे, ३७ क्रमांकाची नोंद आणि पहाट-दुपारच्या चाचणीचा निकाल दाखवा. चांगला कारागीर यावरून अर्धं निदान तिथल्या तिथे करतो. उष्णता हे कारण निघालं असेल तर पंखा खोलून पाकळ्या साफ करायला आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलायला सांगा. खान्देशातल्या धुळीत हे काम उन्हाळा सुरू होण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घेतलेलं उत्तम.

बायोसच्या चिपमधला मजकूरच बिघडला असेल तर कारागीर चिपवर चिमटा लावून सीएच३४१ए नावाच्या छोट्या प्रोग्रॅमरने नवी फाइल चढवतो. हे काम जळगाव-धुळ्यातही होतं. इथे ग्राहकाने एक आग्रह धरायला हवा, तो म्हणजे आधी मूळ चिपची प्रत काढून ठेवण्याचा. त्या चिपमध्ये मशीनचा अनुक्रमांक, विंडोजची परवाना-की आणि त्या बोर्डाच्या खास नोंदी असतात. दुसऱ्या मशीनची फाइल जशीच्या तशी चढवली तर लॅपटॉप सुरू होतो खरा, पण पंखा सतत जोरात फिरणं किंवा इंटेलच्या मशीनवर अर्ध्या तासाने आपोआप बंद होणं असे नवे आजार मागे लागू शकतात.

एवढा त्रास असेल तर अपडेटच बंद करून टाकावेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो मार्ग घेऊ नका. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन सुरू होतानाच तिची राखण करणाऱ्या सिक्युअर बूटच्या २०११च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपू लागते आणि नवी प्रमाणपत्रं बसवण्याच्या कामात फर्मवेअर अपडेटचाही वाटा आहे. ज्या लॅपटॉपवरून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती भरली जातात, तो उघडा ठेवणं म्हणजे दुसऱ्यांच्या पैशाशी खेळणं आहे. अपडेट घ्या, पण वेळ निवडून घ्या. परीक्षेच्या आठवड्यात नको, विम्याच्या शेवटच्या दिवशी नको, भर दुपारी तर नकोच.

लॅपटॉप मंदावला तर आधी वेगाचा आकडा पाहा, मग चार्जर, मग ऊन आणि धूळ, मग सेटिंग आणि त्यानंतर फर्मवेअर. फॉरमॅट या यादीत सगळ्यांत शेवटी येतो आणि तोही फाइल्सची प्रत हातात आल्यावरच.